अम्माची माफी आणि माझे अकरा महिने

माझ्या धाकट्या भावाचा जीव घेणाऱ्या माणसाला माझ्या अम्माने माफ केलं, ही गोष्ट रत्नागिरीकडच्या आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. इकडे सौदीतल्या ओळखीच्या कोकणी घरांतही ठाऊक आहे. कुणालाच ठाऊक नाही ते हे, की तिने दिलेली माफी मी अकरा महिने दाबून ठेवली. तबूकच्या न्यायालयात उभं राहून, तिच्या नावाने, मी त्या माणसाचा जीव मागितला. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आणि अम्माला सांगायचं तर ती संधीही आता गेली.

मी मुळात कमी बोलणारा. घरात सगळे म्हणतात, ह्याच्या पोटात काही राहत नाही असं नाही, ह्याच्या पोटातून काही निघतच नाही. ते बरोबर आहे. तरी ह्या लिखाणात रडगाणं गायचा माझा विचार नाही. ह्या सगळ्या प्रकारात ताठ मानेने सांगावं असं बरंच काही आहे आणि ते जवळजवळ सगळं अम्माचं आहे. तेवढ्यासाठी तरी माझा भाग खरा लिहायला हवा, नाहीतर तिचाही खोटा ठरेल.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. अब्बा गेले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून तो मला निम्मा भाऊ आणि निम्मा मुलगा. त्याला इकडे मीच आणला. मी रास तनुराला, पूर्वेच्या किनाऱ्यावर, आणि त्याला व्हिसा मिळाला तो पार दुसऱ्या टोकाच्या तबूकचा, बांधकामावर. कॅम्पच्या एका खोलीत चौघं राहायचे. स्वयंपाकाची पाळी ठरलेली, रोज एकाची. एका गुरुवारी ज्याची पाळी होती तो दमून येऊन तसाच पडला. माझा भाऊ तोंडाचा तिखट. आमच्या घरात हे कुणी नाकारणार नाही. तो काहीतरी बोलला, त्या माणसाच्या बहिणीवरून बोलला असं बाकीचे दोघं सांगतात. त्या माणसाने गॅसच्या सिलिंडरचा लोखंडी पाना उचलला आणि डोक्यात घातला. मग आणखी एकदा घातला. पहिल्या फटक्याला राग म्हणता आलं असतं. दुसऱ्या फटक्याला न्यायालयाने इरादा म्हटलं.

तो माणूस रायगडच्या किनाऱ्यावरचा. म्हणजे आमच्यासारखाच. आमचीच बोली, आमच्यासारखंच मच्छीचं कालवण, लग्नात तीच गाणी. कुणी परका असता तर माझा राग थोडा तरी पांगला असता असं मला तेव्हा वाटायचं.

भावाला तबूकलाच दफन केलं. गुस्ल, म्हणजे मयतीची आंघोळ, देताना मी होतो. डोक्याची उजवी बाजू मी माझ्या हाताने धुतली. त्याबद्दल एवढंच लिहितो.

आता इकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे खून झाला की सरकार फिर्यादी असतं, आणि फाशीची माफीही सरकारदरबारी मागायची असते. इथे खुनाच्या बाबतीत पहिला शब्द मेलेल्याच्या वारसांचा. जिवाला जीव मागायचा हक्क त्यांचा. त्याला किसास म्हणतात. माफ करायचा हक्कही त्यांचाच, आणि वारसांपैकी एकाने जरी माफ केलं तरी मान वाचते. भावाचं लग्न झालेलं नव्हतं. वारस दोन, अम्मा आणि मी. म्हणजे तिच्या एका शब्दावर तो माणूस जगणार होता, मला काहीही वाटो.

पण तिचा शब्द तबूकला पोहोचवायचा कुणी? आखाती घरांत कागदपत्रं थोरल्या मुलाकडे असतात. जमिनीची, बँकेची, पासपोर्टची, सगळी. अम्माने माझ्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलं. त्याच्यावर रत्नागिरीपासून दिल्लीपर्यंतचे शिक्के बसले आणि ते माझ्या हातात आलं. त्यात लिहिलं होतं की माझ्या वतीने जीव मागण्याचा, मोबदला घेण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार मी माझ्या मुलाला देते. खाली तिचा अंगठा. तिला वाचता यायचं, कुराण आणि मराठी दोन्ही, पण सहीला हात कापायचा म्हणून अंगठा.

भावाचा चाळीसावा दिवस झाला. त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून मी खोलीवर जेवायला बसत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"जेवलास?"

"बसतोय."

"मग जेवून घे, मगे कर."

"बोल ना अम्मा."

"त्या पोराची आई हाय?"

कुठल्या पोराची हे मी विचारलं नाही. म्हटलं, "असेल. आहे."

"मग झालं तर. मी त्याला माफ केलं. तू तिकडे लिहून दे."

मी गप्प. ती म्हणाली, "ऐकतोस?"

"अम्मा, त्याने दोनदा मारलं."

"मला सांगतोस? मी काय त्याला चांगला म्हणत नाय. कयामतला भेटेल तेव्हा विचारीन मी त्याला, माझ्यासमोर उभा करीन. पण माझ्या दारात एक मयत झाली. दुसऱ्या बाईच्या दारात दुसरी मी माझ्या हाताने पाठवू? हा हात मला जड हाय."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायचंच नाय. माफी अल्लासाठी दिली, तिचा डंका कशाला? तुला सांगितलं म्हणजे कोर्टाला सांगितलं. आणि रियाल एक घेऊ नको. भावाच्या रक्ताचं घर बांधायचं नाय आपल्याला." मग जराशाने म्हणाली, "काय जेवतोस?"

"डाळभात."

"मच्छी नाय मिळाली?"

एवढंच बोलणं. कुठल्या मौलवीने तिला शिकवलं नव्हतं, कुणी मध्यस्थ तिच्याकडे गेला नव्हता. मोठमोठे लोक ज्या प्रश्नावर पुस्तकं लिहितात तो तिने माझ्या डाळभातापूर्वी निकालात काढला. मी आजही कुठे मान वर करून बसलो तर ह्या एका फोनच्या जोरावर बसतो. मी त्या बाईचा मुलगा आहे.

आणि फोन ठेवताना तिला मी "हो" म्हणालो होतो.

दहा-बारा दिवसांनी तारीख होती. दम्मामहून विमानाने तबूकला गेलो. मनात काय होतं ते खरं सांगतो. जाताना मी माफी घेऊनच निघालो होतो. कागद बॅगेत होता, शब्द तोंडात होता. मग त्याला आत आणलं. हातात बेड्या, अंगावर सैल कपडे, दाढी वाढलेली. माझ्याकडे बघून तो आमच्या बोलीत म्हणाला, "भाईसाब, माझ्या हातून झाला." बस्स, एवढंच. त्या बोलीने माझं डोकं फिरलं. ह्याच बोलीत माझा भाऊ घरी फोन करायचा.

काझी वयस्क होते, आवाज हळू. त्याला बाहेर न्यायला लावून त्यांनी दुभाष्यातर्फे मला विचारलं, दोन्ही वारसांची मागणी काय. मी म्हणालो, किसास. त्यांनी माफीचा सवाब, म्हणजे पुण्य, किती मोठा ते सांगितलं आणि पुन्हा विचारलं. मी तेच म्हणालो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या आईचं नाव वेगळं घेऊन विचारलं, की तिचंही हेच म्हणणं आहे का. मी मुखत्यारपत्र पुढे केलं आणि म्हणालो, तिचंही हेच आहे.

तिचा अंगठा त्या कागदावर होता. मी तो त्या माणसाच्या मानेवर ठेवला.

रास तनुराला परत आलो आणि कामाला लागलो. माझं काम परमिटचं. रिफायनरीत एका ठेकेदाराकडे आहे मी. आत वेल्डिंगची एक ठिणगी पाडायची तरी आधी कागद लागतो. पाइप रिकामा केला का, हवेत गॅस किती, पाण्याचा पाइप घेऊन उभा कोण राहणार, हे सगळं प्रत्यक्ष जाऊन बघायचं, बघितल्याची वेळ लिहायची आणि सही करायची. सही नाही तर काम नाही. ह्या कामाचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. इतक्या वर्षांत माझ्या सहीच्या कागदावर काम करताना एक माणूस भाजला नाही. एकदा एकाने गॅस न मोजताच मागची वेळ टाकली होती. चांगला माणूस, केरळचा, चहा पाजायचा. त्याला मी त्या दिवशीच साइटवरून काढायला लावलं. लोक म्हणाले, एवढ्यासाठी? मी म्हटलं, खोटी वेळ म्हणजे मेलेला माणूस. आमच्या धंद्यात हे वाक्य सगळे म्हणतात, पण मी ते मनापासून म्हणायचो.

अम्मा आठवड्याला फोन करायची. "कागद गेला?" मी म्हणायचो, गेला. "सुटला पोरगा?" मी म्हणायचो, इतक्यात नाही सुटणार, वारसांनी माफ केलं तरी सरकारी शिक्षा असते काही वर्षं. हे खरंच होतं, तसा नियम आहे. खोट्याला टेकू द्यायला असलं खरं फार उपयोगी पडतं. ती म्हणायची, "बरं. जिवंत हाय ना, बस."

तिकडे शिक्षा लागली. वरच्या न्यायालयात गेली.

त्या काळात रियाधला माझा एक मित्र होता, पुण्याचा, एका बँकेत कॉम्प्युटरचं बघायचा. पूर्वी आमच्या भागात राहायचा, तेव्हापासूनची ओळख. कंपनीच्या कामाने रियाधला गेलो की त्याच्याकडे जेवण ठरलेलं. बायको त्याची थालीपीठ लावायची आणि हा वाद लावायचा.

"तुम्हा लोकांचं एक कळत नाही मला," तो म्हणाला. "माणूस मारणं वाईट, हे शिकवायला माणूस मारायचा?"

"तुम्हा लोकांचं म्हणजे कोणाचं? पुण्यात फाशीच्या बाजूने मोर्चे निघत नाहीत?"

"निघतात. मी त्यांच्याशीही भांडतो. मी सगळ्यांशीच भांडतो, विचार हिला."

"खरंय," आतून बायको म्हणाली, "भाजीवाल्याशीसुद्धा."

तो हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, "हे बघ, चूक झाली तर परत घेता येत नाही, हा एक मुद्दा. गरिबालाच लटकवतात, हा दुसरा. पण ते सोड. मला एवढंच सांग, तो मेल्यावर सकाळी उठून तुला काय वेगळं वाटणार आहे?"

मी म्हणालो, "तो श्वास घेतोय हे डोक्यात राहणार नाही."

"आणि ते राहणार नाही ह्याची खात्री आहे तुला?"

"तुझा भाऊ नाही गेला," मी म्हणालो. ह्या वादात हे वाक्य आलं की समोरचा थांबतो. तोही थांबला. पण माणूस पुणेरी, पूर्ण थांबेल कसा. ताटातलं लोणचं बाजूला करत म्हणाला, "बरं, मी गप्प. तुझ्या आईला काय वाटतं ते तरी सांग. जन्म तिने दिलाय."

मी म्हणालो, "तिलाही हेच वाटतं."

त्या घरी मी पुन्हा गेलो नाही. तो फोन करायचा, मी कामात आहे म्हणायचो. एक चांगला मित्र मी असा घालवला. तो फाशीच्या विरुद्ध होता म्हणून नाही, त्याने बरोबर प्रश्न विचारला म्हणून.

मला माझी बाजू मांडायची झाली तर ती अशी. त्या अकरा महिन्यांत मी क्रूर झालो असं मला वाटत नव्हतं. उलट मीच एकटा भावाचा उरलोय असं वाटायचं. अम्माने सगळं अल्लावर सोपवलं, गाव विसरायला लागलं, त्याच्या खोलीत चौथ्या खाटेवर नवीन माणूस आला. राग गेला तर भाऊ गेला, असा काहीतरी हिशेब मी मनाशी धरला होता. लोक फाशीबद्दल बोलताना न्याय म्हणतात, जरब म्हणतात. मला जरब बसवायची नव्हती. मला फक्त सोडायचं नव्हतं.

मग त्या माणसाची आई आमच्या गावी आली.

एकटी आली, रायगडहून एसटी बदलत. आमचं घर विचारत विचारत आली आणि ओटीवर बसली. अम्माने मला तिथूनच फोन लावला. दुपारची वेळ होती, मी साइटच्या केबिनमध्ये होतो.

"ती आलीय," अम्मा म्हणाली. "त्या पोराची आई. माझ्यासमोर बसलीय. पाणी पीत नाय. म्हणते पोराच्या मानेवर अजून तलवार हाय. वरच्या कोर्टानेपण कायम केली म्हणते. तू कागद दिला नव्हतास?"

टेबलावर परमिटांचा गठ्ठा होता. बाहेर फोरमन सहीसाठी उभा होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"अम्मा," मी म्हणालो, "कागद अडकला."

सौदीत कागद अडकला म्हटलं की कोकणात पुढे कुणी काही विचारत नाही. राहण्याचा परवाना, इकामा अडकतो, कफील मालकाची सही अडकते, मयत अडकते, दोन-दोन महिने. प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं काहीतरी इथे अडकलेलं असतं. एवढी विश्वासाची दुसरी थाप आमच्या लोकांत नाही, आणि ती मी माझ्या आईला मारली. बिचाऱ्या त्या ऑफिसातल्या कारकुनांनी काही केलेलं नव्हतं.

अम्माने ऐकून घेतलं. मग "बरं" म्हणाली. फोन तिने बंद केला नव्हता, नुसता बाजूला धरला होता. मला ऐकू आलं, ती त्या बाईला सांगत होती. "माझ्या पोराची चूक नाय ह्यात. त्याने तेव्हाच दिला होता, तिकडे कागद अडकला. माझा थोरला असा नाय. तो कागदाचा पक्का हाय, त्याचं कामच ते. आता पाणी पी."

मग फोन कानाशी धरून मला म्हणाली, "सोडव. आज."

तिला संशय आला होता का, हे मला माहीत नाही. आला असेल तर तिने तो माझ्यासाठी गिळला आणि एका अनोळखी बाईसमोर माझी जामीन राहिली. आला नसेल तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला. दोन्हींपैकी कुठलं जास्त जड आहे हे मी अजून ठरवू शकलो नाही.

बाहेरच्या फोरमनचं परमिट मी दुसऱ्याला बघायला सांगितलं. त्या अवस्थेत सही करणं मला बरोबर वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने तबूकला गेलो.

काम पाऊण तासाचं निघालं. ज्याला अकरा महिने लागले ते पाऊण तासाचं होतं. कारकून तरुण होता, त्याने फॉर्म भरायला घेतला. वारसाचं नाव, नातं, मोबदला. मी म्हणालो, मोबदला नाही. त्याने मान वर करून बघितलं. मग त्याने विचारलं, माफी कधी दिली, तारीख. मी अम्माच्या फोनच्या शुक्रवारची नाही, तिथे उभा होतो त्याच दिवसाची तारीख सांगितली. त्याने ती लिहिली, मी सही केली.

ज्या गोष्टीसाठी मी एका माणसाला साइटवरून काढलं होतं ती मी केली.

काझींनी उठून माझा हात धरला. तिथे दुसऱ्या कुठल्या कामाला आलेले दोन-तीन स्थानिक लोक होते, त्यांनी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. एक जण डोळे पुसत म्हणाला, तुझ्या आईवर अल्लाची मेहर. ते ऐकून मला खरंच अभिमान वाटला, आणि त्या अभिमानातला निम्मा तरी माझ्या स्वतःबद्दलचा होता हे मला कबूल केलं पाहिजे. विमानात बसेपर्यंत तो टिकला.

त्या माणसाने पुढे सरकारी शिक्षेची वर्षं भोगली आणि त्याला परत पाठवलं. आता तो त्याच्या गावच्या बंदरावर बर्फ विकतो. दर ईदला मला त्याचा आवाजी मेसेज येतो. सलाम करतो, मुलीचं विचारतो. मी एक हात जोडलेलं चित्र पाठवतो.

अम्मा गेली त्याला दोन वर्षं झाली. मी पोहोचलो तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. गर्दीत तो होता. कुणी कळवलं माहीत नाही, आठ तासांचा प्रवास करून आला होता. आमच्या लोकांनी त्याला वाट करून दिली. एका बाजूने मी खांदा दिला, दुसऱ्या बाजूने त्याने. रस्त्याने लोक थांबून बघत होते. जिच्या मुलाला त्याने मारलं तिला तो कबरीपर्यंत घेऊन चालला होता, आणि कुणाच्या तोंडून एक वावगा शब्द आला नाही. माझ्या गावाने, माझ्या घराने असा दिवस बघितला. एखाद्या बाईने आयुष्यात एवढं केलं तरी खूप झालं, असं मला त्या चढणीवर वाटत होतं.

नंतर आमच्या अंगणात चहा घेताना तो माझ्याशी बोलला. तक्रार म्हणून नाही, सहजच. म्हणाला, जेलमध्ये कुणाला कधी नेतील ते आधी सांगत नाहीत. पहाटे दारापाशी पावलं थांबली की तो कलमा म्हणून घ्यायचा. रोज. मग म्हणाला, "माझे बाबा त्याच वर्षी गेले. शिक्षा कायम झाल्याचं कळलं आणि त्यांनी खाणं सोडलं. माफी आली त्याच्या तीन आठवडे आधी. थोडं थांबले असते तर ऐकून गेले असते." आणि माझा खांदा दाबून म्हणाला, "कागद अडकला त्याला तुम्ही काय करणार? सौदीचं काम."

मी चहा पीत राहिलो.

हे लिहायला बसलो ते मुलीमुळे. ती इथे इंडियन स्कूलमध्ये अकरावीला आहे. वादविवाद स्पर्धेला विषय आला, मृत्युदंड असावा की नसावा. चिठ्ठीत तिला बाजू आली "असावा"ची. रडवेली होऊन घरी आली.

"अब्बा, आय कान्ट. दादी ने तो माफ किया था. मैं कैसे बोलूँ?"

मी म्हणालो, "मराठीत बोल."

"मराठीत पण नाही बोलू शकत," ती म्हणाली.

तिच्या आईने तिला समजावलं की वकिलाला दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. मी गप्प बसलो, जे मला येतं. चार दिवस ती खोलीत बसून लिहीत होती, आणि मग स्टेजवर जे बोलली ते कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. इंग्रजीत बोलली, मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, माझ्या आजीने एका माणसाचा जीव वाचवला. तिला तो वाचवता आला, कारण तो घ्यायचा हक्क तिला होता. जिथे हा हक्कच नाही तिथे गुन्हेगार सरकारचा असतो, आणि दुःखात बुडालेल्या घराला कुणी काही विचारत नाही. माझ्या आजीला विचारलं. तिने उत्तर दिलं. हा मान तिच्याकडून काढून घेऊ नका.

टाळ्या पडल्या. तिचा दुसरा नंबर आला. पहिला यायला हवा होता, पण ते मी बाप म्हणून म्हणतोय. माझी छाती भरून आली होती, हे खरं आहे. अम्माची अक्कल तिच्यात उतरलीय.

पण तिच्या मुद्द्याला उत्तर होतं, आणि ते सभागृहात फक्त माझ्याकडे होतं. आजीला विचारलं आणि तिने उत्तर दिलं, इथवर बरोबर. मधल्या माणसाचं काय? माफी स्वतः चालत जात नाही. कुणीतरी ती घेऊन जावं लागतं, आणि तो कुणीतरी माझ्यासारखा असू शकतो. ज्या शिक्षेत एका माणसाचा जीव दुसऱ्याच्या खरं बोलण्यावर लटकतो, ती शिक्षा असावी की नसावी हे मी सांगू शकत नाही. माझ्या हातात ती अकरा महिने होती आणि मी ती वापरली, एवढं सांगू शकतो. पुण्याचा मित्र म्हणायचा, चूक परत घेता येत नाही. तो म्हणायचा ती न्यायाधीशाची चूक. माझी चूकही नव्हती. मी जाणून केलं होतं.

घरी येताना गाडीत मुलीने विचारलं, "अब्बा, तुम्हाला आवडलं?" मी म्हणालो, फार. ती म्हणाली, "तुम्ही पण तर माफ केलं होतं ना, दादीबरोबर. तुमचं पण बोलणार होते, टाइम संपला."

मी गाडी चालवत राहिलो. त्या आठवड्यात लिहायला बसलो.

ह्या उन्हाळ्यात रजा मिळाली की आधी मुलीला हे वाचायला देईन. मराठी तिला सावकाश वाचता येते, तर सावकाश वाचेल. मग रायगडला जाईन. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. त्याने मला हाकलून दिलं तर तो त्याचा हक्क आहे, आणि माफ केलं तर मी माफी मागायला गेलो नव्हतो.

त्याला आणि त्याच्या आईला, समोर बसून, एवढं सांगायचं माझ्याकडे बाकी आहे: अम्माने तुला चाळीसाव्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी माफ केलं होतं. कागद कुठेही अडकला नव्हता. तुझे बाबा ऐकून जाऊ शकले असते.